सतरा नंबरचं केंद्र

एक वाजून दहा मिनिटांनी सर्व्हर तिसऱ्यांदा बंद पडला. मी घड्याळात बघून नोंदवहीत वेळ लिहिली आणि पडद्यावर आलेली ओळ उतरवून घ्यायला लागलो.

"काका, ओळ तीच आहे हो," प्रणिताताई म्हणाली. "सकाळपासून दोनदा लिहिलीत. आता नुसतं 'वरीलप्रमाणे' लिहा."

मी मान हलवली आणि लिहीत राहिलो. इंग्रजी ओळ उतरवायला मला तेव्हा चार-पाच मिनिटं लागायची. मराठी अक्षरंच मी एकोणचाळिसाव्या वर्षी शिकलो, सोसायटीच्या खताच्या गोदामात भरणाऱ्या साक्षरता वर्गात. इंग्रजी त्यानंतर, यंत्रांच्या खोक्यांवर छापलेलं बघून बघून. अक्षर ओळखता यायचं, अर्थ फार थोडा लागायचा. त्यामुळे कुठला शब्द महत्त्वाचा आणि कुठला गाळला तरी चालेल हे मला ठरवता येत नसे. मी सगळंच उतरवायचो.

आमचा पूरनियंत्रण कक्ष म्हणजे धरणाच्या पायथ्याशी असलेली दोन खोल्यांची बैठी इमारत. वीस वर्षं मी नदीकाठी पाणी मोजायचं काम केलं. पट्टी बघायची, आकडा कारकुनाला सांगायचा. नंतर शिकलो तेव्हा स्वतः लिहायला लागलो. पुढे काठावर यंत्रं बसली. तेवीस ठिकाणची तेवीस केंद्रं पाण्याची पातळी आपणहून कळवायला लागली आणि मला कक्षात मदतनीस म्हणून आणून बसवलं. तिथल्या लोखंडी कपाटात तो सर्व्हर होता. काठावरच्या केंद्रांचे आकडे घ्यायचे आणि धरणातून पाणी सोडायच्या आधी नदीकाठच्या सहा हजार फोनवर मेसेज पाठवायचा, ही त्याची दोन कामं.

त्या दिवशी धरण काठोकाठ होतं आणि वरच्या अंगाला पाऊस थांबत नव्हता. कार्यकारी अभियंता जगदाळे साहेबांनी सकाळीच सांगून ठेवलं होतं की चार वाजता दरवाजे उघडणार, त्यापुढे एक मिनिट धरता येणार नाही. मेसेज अकराला सुटायला लागले. पूर्ण यादी जायला सव्वा तास तरी लागायचा, आणि सर्व्हर तेवढा वेळ टिकतच नव्हता. बंद पडून चालू केला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. यादी गावांच्या नावाप्रमाणे, अक्षरवार. अंबेवाडी, आडगाव, उंदरी या गावांना तीन-तीनदा मेसेज गेले होते. शेवटची गावं तशीच राहिली होती. आणि अगदी शेवटी, ह अक्षरावर, हिंगणबेट होतं.

हिंगणबेट म्हणजे नदीच्या पात्रातलं बेट. पावसाळा उतरला की आमच्या भोई समाजाची चाळीसएक माणसं मासेमारीला तिथं पालं ठोकून राहतात. त्यांत माझी धाकटी बहीण गया होती.

तिला मी साडेबारालाच फोन लावला होता. पाणी येतंय, निघा, म्हणून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि शांतपणे सांगितलं की असं होणार नाही. आदल्या वर्षी कुणीतरी असाच फोन केला होता. सगळे जाळी-तराफे टाकून काठावर आले, पाणी काही आलं नाही, आणि सकाळी परत जाऊन बघतात तर बारा जाळी चोरीला. तेव्हा जाणत्यांनी बसून ठरवलं होतं, ऑफिसचा मेसेज सगळ्यांच्या फोनवर आल्याशिवाय कुणाच्या सांगण्यावरून बेट सोडायचं नाही.

"अगं, मी ऑफिसातनंच बोलतोय," मी म्हणालो.

"तू माझा भाऊ म्हणून बोलतोयस दादा. इथं सगळे तेच म्हणतात. गयाचा भाऊ ढग आला तरी फोन करतो."

"मग तू तरी निघ."

"पोरीबाळी इथं ठेवून? जमायचं नाही. तू मेसेज पाठव, आम्ही निघतो."

तिचं चुकलं असं मला आजही म्हणता येत नाही. साहेबांनी पोलीस पाटलाला निरोप दिला होता, पण तो उंदरीच्या पलीकडे अडकला होता. मधल्या ओढ्याला पाणी आलेलं.

ओळ उतरवून झाली तेव्हा प्रणिताताई पुण्याला तिच्या कंपनीतल्या वैद्य सरांशी बोलत होती. सव्वीस वर्षांची पोर. हे यंत्र सांभाळायचा ठेका तिच्या कंपनीकडे होता आणि पावसाळाभर तिला आमच्याकडे पाठवलं होतं. सकाळपासून तिनं डबा उघडला नव्हता. वैद्य सरांनी तिला सांगितलेलं मला इकडे ऐकू आलं, मेमरी वाढव. भिंतीवर त्यांच्याच सहीचा कागद चिकटवलेला होता: 'आउट ऑफ मेमरी असे आल्यास मेमरीचा आकडा वाढवून सर्व्हर पुन्हा चालू करणे.' जूनमध्ये असंच झालं होतं, आकडा वाढवला आणि यंत्र सुरळीत चाललं. तेव्हापासून तो कागद आमचा कायदा होता. सकाळी आकडा एक होता. पहिल्यांदा बंद पडल्यावर दीड केला, दुसऱ्यांदा दोन. आता सर अडीच करायला सांगत होते.

मी नोंदवही उचलून तिच्यापुढे ठेवली.

"ताई, हे बघा. आकडा एक होता तेव्हा बेचाळीस मिनिटं चाललं. दीडला एकतीस. दोनला वीस."

तिनं फोन कानाला तसाच ठेवून वहीत पाहिलं.

"वाढवलं की लवकर मरतंय," मी म्हणालो. "औषधानं दुखणं वाढतं तेव्हा दुखणं दुसरंच असतं."

फोनवरून सरांनी विचारलं, मध्ये कोण बोलतंय. तिनं सांगितलं, इथले काका आहेत. त्यावर ते काय म्हणाले ते मला नीट ऐकू आलं नाही, पण शिपाई हा शब्द ऐकू आला. मला त्याचं काही वाटलं नाही. पदानं मी तोच होतो.

मी वही मागं उलटत जूनच्या पानावर आलो. "आणखी एक. जूनमधली ओळ मी तेव्हाही उतरवली होती. सुरुवात तीच आहे, आउट ऑफ मेमरी. पण ही इथं संपते. आजची ओळ पुढं जाते. केवढी लांब आहे बघा."

जूनच्या ओळीत पुढं लिहिलं होतं, जावा हीप स्पेस. आजच्या ओळीत होतं, अनेबल टू क्रिएट न्यू नेटिव्ह थ्रेड. मी ते एकेक अक्षर लावून वाचलं. हसू येण्यासारखंच वाचलं असणार, पण ती हसली नाही. तिनं फोन टेबलावर उपडा ठेवला, वही जवळ ओढली आणि दोन्ही ओळी बोटानं वाचल्या, मी वाचतो तशा.

"मी हे वाचलंच नाही काका," ती हळू आवाजात म्हणाली. "आउट ऑफ मेमरी इथवर वाचते आणि पुढचं मनानंच धरते. सर पण तेच करतायत."

मग तिनं फोन पुन्हा कानाला लावला आणि सरांना सांगितलं की आकडा वाढवणार नाही, कमी करणार आहे. तिकडून बराच वेळ बोलणं चाललं. तिनं सगळं ऐकलं, "सर, मी इथं आहे, तुम्ही तिथं आहात," असं म्हणाली आणि फोन बंद केला. आणि सर्व्हर चालू करायच्या आधी तिनं आकडा खरंच एकवर आणला.

सर्व्हर चालू होईपर्यंत तिनं मला समजावलं. हे यंत्र म्हणजे एक घर धरा. त्यात एक कोठी आहे, तिला मेमरी म्हणतात. जूनमध्ये कोठी लहान पडली, आपण मोठी केली. आज कोठी रिकामीच आहे. आज जागा पुरत नाहीये ती माणसांना, ओळीतला थ्रेड म्हणजे असा एक माणूस. एखादं केंद्र बोलायला आलं की यंत्र त्याचं ऐकायला एक माणूस बसवतं. केंद्र 'येतो' म्हणून गेलं की माणूस उठतो. पण केंद्र न सांगताच निघून गेलं, तर तो माणूस तसाच बसून राहतो, वाट बघत. तेच केंद्र परत आलं की दुसरा माणूस. असं करत करत घर भरतं, नवा माणूस बसवायला जागाच उरत नाही, आणि यंत्र मरतं.

"आणि आपण त्याच घरात कोठी वाढवत बसलोय," मी म्हणालो.

"हो. माणसांची जागा खाऊन."

"मग कोण येऊन न सांगता जातंय?"

"तेच बघायचंय. आत बसलेल्या सगळ्यांची यादी काढते. प्रत्येकापुढे केंद्राचा नंबर असतो."

यादी पडद्यावर आली तेव्हा पावणेदोन वाजले होते. दहाच मिनिटं यंत्र चालू होतं आणि यादी संपता संपत नव्हती. ती भराभर खाली सरकवत होती. मला तेवढ्या वेगानं वाचता येत नाही, पण आकडे मला लहानपणापासून येतात, नदीच्या पट्टीवरचे. तिथं सगळीकडे एकच आकडा होता. सतरा. सतरा. सतरा.

सतरा म्हणजे करवंदीच्या पुलाखालचं केंद्र. करवंदीचा ओढा धरणाच्या खाली नदीला मिळतो, तिथं पुलाच्या खांबाला ते यंत्र लावलेलं. वर सौर पत्रा, खाली पेटी, पेटीत बॅटरी.

"ह्याची बॅटरी उतरलीय," ताई म्हणाली. "चालू होतं, बोलायला जातं, तेवढ्यात ताकद संपते, बंद पडतं. परत उठतं. दर तीन-चार सेकंदांनी. पण हे एकच का? ढग तर सगळीकडेच आहेत. बाकीची बावीस नीट आहेत."

मी उभाच होतो. मागची खुर्ची ओढून बसलो.

दोन महिन्यांपूर्वी, गौरी-गणपतीच्या दिवसांत, मी गयाकडे जाताना त्या पुलावरून गेलो होतो. पेटीच्या फटीतून पाणी आत जात होतं. केंद्रं दुरुस्त करायचं काम ठेकेदाराच्या माणसांचं, माझं नव्हे. पण त्या जागी मी नऊ वर्षं पट्टी वाचली होती. त्या जागेबद्दल मला माया होती, आणि थोडी घमेंडही, की यंत्रं आली तरी नदीची काळजी मलाच कळते. मी घरून जाड पांढरं प्लास्टिक आणलं आणि पेटी गुंडाळली. वाऱ्यानं निघू नये म्हणून वरचा पत्राही त्यातच घेतला आणि सुतळीनं आवळून बांधला. प्लास्टिकमधून पलीकडचं दिसत होतं. मला वाटलं, ऊन तर आरपार जातंच. नंतर दोन महिन्यांचा पाऊस, धूळ, शेवाळ, पाखरांची घाण. उन्हाच्या दिवशी कसंतरी भागत असणार. आठ दिवस ढगांचे गेले आणि भागेनासं झालं.

नोंदवहीत मी सगळं लिहायचो. हे लिहिलं नव्हतं, कारण ते माझं काम नव्हतं आणि कुणी विचारलं तर बोलणी बसली असती.

तेवढ्यात जगदाळे साहेब दारातून आत आले. रेनकोटचं पाणी फरशीवर गळत होतं. करडा माणूस, पण कान उघडे ठेवणारा. त्यांनी विचारलं, काय झालं. ताईनं थोडक्यात सांगितलं आणि म्हणाली, सतराला तोडून टाकते, यंत्र नीट चालेल, तासाभरात सगळ्यांना मेसेज जातील.

"सतरा तोडता येणार नाही," साहेब म्हणाले. "ओढ्याचं पाणी किती येतंय हे कळल्याशिवाय मी दरवाजे किती उचलू? ओढा दोन मीटरच्या वर असला आणि मी पूर्ण सोडलं तर खालचं गाव जाईल. मला तो आकडा पाहिजे. आधी ते केंद्र असं का करतंय ते शोधा."

ताई म्हणाली की ठेकेदाराचा माणूस यायला तीन तास लागतील. साहेबांनी घड्याळ बघितलं.

"शोधायला नको, साहेब," मी म्हणालो. "मी केलंय ते."

काय केलं ते सगळं सांगितलं. प्लास्टिक, सुतळी, पत्रा, दिवस. सांगायला एक मिनिटसुद्धा लागलं नाही. साहेब माझ्याकडे बघत राहिले. चिडलेत की नाही ते कळेना.

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"कुणी नाही."

"सांगितलं कुणाला?"

"कुणाला नाही. आज सांगतोय."

"लिंबोरे, हे लेखी द्यावं लागेल. नोकरीची तीन वर्षं राहिलीत ना तुमची?"

"लेखी देतो. आत्ताच देतो. पण ताईंना सतरा तोडू द्या. आकडा मी देतो तुम्हाला."

"कुठून देणार?"

"पुलावरनं. खांबावरची जुनी पट्टी अजून आहे. जीप द्या, अर्ध्या-पाऊण तासात पोचतो. दर दहा मिनिटांनी फोन करीन."

साहेबांनी विचार केला तो फार तर तीन श्वासांचा. मग ताईला म्हणाले, "तोडा." आणि बाहेर जाऊन ड्रायव्हरला हाक मारली.

मी नोंदवहीत चार ओळी लिहिल्या, खाली रंभाजी लिंबोरे अशी सही केली आणि निघालो. घाईत अक्षर वाकडं आलं. दोन वाजून दोन मिनिटं झाली होती. दारातून बघितलं, प्रणिताताईनं सर्व्हर पुन्हा चालू केला होता आणि अंबेवाडीला पाचव्यांदा मेसेज जात होता. त्या गावानं त्या दिवशी आम्हाला काय काय म्हटलं असेल कुणास ठाऊक.

पुलावर पोचायला पावणेतीन वाजले. ड्रायव्हर जीपमध्ये बसून राहिला. मी खांबाच्या शिडीनं अर्ध्यावर उतरलो आणि पट्टीवरची घाण हातानं पुसली. एक मीटर पस्तीस. फोन लावून सांगितलं.

"नक्की?" साहेबांनी विचारलं.

"पाणी हलतंय, दोन बोटं इकडं-तिकडं. पस्तीस धरा."

मग सुरी काढून सुतळी कापली आणि ते प्लास्टिक ओढून काढलं. आतून पत्र्यावर दव धरलं होतं. प्लास्टिक हिरवं झालं होतं, पलीकडचं काही दिसत नव्हतं.

पुलावरून अर्ध्या मैलावर हिंगणबेट दिसतं. पालं दिसत होती, वाळत घातलेली जाळी दिसत होती. पाण्याच्या आवाजात हाक पोचणं शक्य नव्हतं. मी गळ्यातला टॉवेल काढून हलवला. बेटावरची दोन-तीन माणसं उभी राहिली. त्यांतली हिरव्या लुगड्यातली गया असावी. तिनं हात वर केला. बाकीच्यांनी बघितलं आणि ती परत आपापल्या कामाला बसली. गयाचा भाऊ.

तीनला एक चाळीस झालं. फोन केला. ताईला विचारलं, कुठवर आलंय. ती म्हणाली, मपर्यंत. सकाळपासून यंत्र इतका वेळ टिकलंच नव्हतं. मी फोन चालूच ठेवला. ती एकेक गाव वाचत गेली. माळेगाव. मोहरी. येवती. रुईभर. मध्येच थांबली तेव्हा माझा पाय शिडीवरून घसरता घसरता राहिला.

"काय झालं?"

"काही नाही काका, पाणी पितेय. लोणी. वडजी."

मी डोळे बेटावर ठेवले होते. वासनगाव. शेलगाव. सांगवी. तिच्या तोंडून हिंगणबेट आलं तेव्हा तिकडे काहीच झालं नाही. माणसं वाकून जाळी विणत होती. अर्धं मिनिट गेलं असेल. मग एक बाई ताठ उभी राहिली. मग दुसरं कुणी. मग एकदमच सगळं बेट उठलं, पालांच्या काठ्या आडव्या झाल्या, तराफे पाण्याकडे ओढले जायला लागले. सव्वातीन झाले होते.

"पोचला का?" ताईनं विचारलं.

"पोचला," मी म्हणालो. "आता एक बेचाळीस. साहेबांना सांगा."

पुढं माझ्यावर जे व्हायचं ते झालं. खुलासा मागवला, वर्षाची वेतनवाढ थांबली, सेवापुस्तकात शेरा बसला. शेरा काय आहे ते मी स्वतः वाचलं आणि खाली सही केली. प्रणिताताईच्या कंपनीनं भिंतीवरचा कागद काढून मोठा कागद लावला, त्यात पूर्ण ओळ वाचावी असं पहिलं वाक्य होतं. तिनंच लिहिलं असावं. त्याला आता अकरा वर्षं झाली.

पण त्या दिवशीचं अजून थोडं राहिलं आहे. पावणेचारला बेटावरची शेवटची माणसं काठाला लागली. गया चिखलातून वर पुलापर्यंत आली, कमरेपर्यंत भिजलेली, डोक्यावर जाळ्याचं बोचकं. मला शिडीवर लोंबकळताना बघून म्हणाली, "मेसेज तर आला की रे. तू कशाला इथं वानरासारखा?"

"पट्टी वाचतोय."

"यंत्र बसवलंय ना त्याला?"

"बसवलंय. मी बंद पाडलं."

मग बोचकं कठड्यावर ठेवून ती खाली बसली आणि बाकीच्या बायकांना हाका मारून माणसं मोजायला लागली. एक्केचाळीस, म्हणजे सगळी झाली.

चार वाजता धरणावरचा भोंगा वाजला. इथवर तो जेमतेम ऐकू येतो. पाणी यायला वीस मिनिटं लागली. आधी फेस आला, मग काटक्या, मग नदी रुंद झाली आणि बेटाचा मधला उंचवटा तेवढा राहिला. चार पंचवीसला तोही गेला. मी दोन मीटर पाच असं फोनवर सांगितलं. साहेबांनी एक दरवाजा फूटभर खाली घ्यायला सांगितला.

साडेचारच्या सुमाराला ढग थोडे फाटले. सौर पत्र्यावर ऊन आलं आणि पेटीवरचा हिरवा दिवा लागला. तो विझला नाही. ताईचा फोन आला.

"काका, सतरा उठलंय असं दिसतंय. जोडून घेऊ का परत?"

मी खाली पट्टीकडे बघितलं. पाणी अजून चढत होतं.

"आज नको," मी म्हणालो. "त्याची ताकद भरू दे. पाणी उतरेपर्यंत मी आहे इथं. लिहून घ्या, दोन दहा."